मीटरकाकांनी न विचारलेला प्रश्न

मीटरकाकांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि त्या थोड्यांवरही ते वापरायची वेळ कधी आली नाही. चौतीस वर्षं ते वीज कार्यालयात मीटर वाचायच्या कामावर होते. खांद्याला पिशवी, कानावर पेन, हातात टॉर्च, आणि दारोदार भटकंती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणाच्या घरी गेले की आधी जिन्याखाली वाकून मीटर बघत आणि मगच चपला काढत.

आकड्यांवरून त्यांना घरातलं सगळं कळे, निदान ते तसं सांगत. कुणाकडे पाहुण्यांनी मुक्काम ठोकलाय, कुणाच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही, कुणाचा जावई इस्त्री चालू ठेवून निघून गेला. त्यातलं निम्मं खरं निघे आणि उरलेलं निम्मं लोक विसरून जात. त्यामुळे गल्लीत काकांच्या शब्दाला वजन होतं. पंखा कुठला घ्यावा, पंप किती ताकदीचा बसवावा, इथून सुरू झालेलं प्रकरण मुलीला कुठल्या शाखेला घालावं इथपर्यंत गेलं होतं. काकांनी कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. माणूस वाईट नव्हता, उलट फार मऊ मनाचा होता. फक्त "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतंय, असं कुणालाही वाटेल. पण सगळं बिघडलं ते त्यानेच.

घरात दोघंच. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, फोनवर भेटायची. काकूंची फुप्फुसं तीन वर्षांपूर्वी निकामी व्हायला लागली आणि तेव्हापासून पलंगाशेजारी एक मशीन येऊन बसलं. गुडघ्याएवढं उंच, चाकांवरचं. ते हवेतून प्राणवायू काढून नळीवाटे काकूंच्या नाकात सोडत असे. नळी इतकी लांब घेतली होती की काकू स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत. दाराच्या फटीत ती अडकली की त्या तिथूनच ओरडत, "अहो, मला जरा सोडा हो!" आणि काका धावत जाऊन नळी मोकळी करत. मशीनची घरघर दिवसभर चालू असे. ती घरघर ऐकली की काकांच्या जिवात जीव येई. नळी काढून वीस मिनिटं काकूंना निभत होतं. अर्ध्या तासाने ओठ निळे पडायला लागत. डॉक्टरांनी हे काकांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि काकूंनी आतून ऐकलं होतं.

गच्चीवरच्या सौर पॅनेलचा विषय घरात शिरला तो बॅटरीमुळे. लाईट गेली की मशीन ज्या बॅटरीवर चालायचं ती म्हातारी झाली होती. पूर्वी तीन तास रेटायची, आता पंधरा मिनिटांत मान टाकायची. नवी बॅटरी घ्यायची की पॅनेलं बसवायची? दोन्ही एकदम झेपणार नव्हतं. काका आठवडाभर जुन्या डायरीत आकडे मांडत बसले. बॅटरी दर तीन-चार वर्षांनी पैसे खाणार आणि परत काही देणार नाही. पॅनेलं बिल जवळजवळ पुसून टाकणार. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि जाहीर केलं, "पाच वर्षं सात महिने. तेवढ्यात घातलेले पैसे वसूल. पुढची वीस वर्षं फुकट."

"पाच वर्षं सात महिने मी आहे का, ते पण त्यात धरलंय ना?" काकू म्हणाल्या.

"तुझं काहीतरीच."

"बरं, राहिलं. लाईट गेली की मशीन चालेल ना त्याच्यावर?"

"अगं, लाईट गेली म्हणून सूर्य मावळतो का?"

काकू हसल्या. संध्याकाळनंतरची सोय म्हणून माळ्याखालच्या खोलीत प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर होताच. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. कंपनीचा माणूस गच्ची बघायला आला, तेव्हा त्यांनी आतून काकांना खूण केली, विचारा. काकांनी मानेनेच सांगितलं, विचारतो.

त्या माणसाने पाहणी केली, सावली कुठून येते ते बघितलं आणि समजावून सांगायला बसला. तो वाक्य सुरू करी आणि काका मध्येच म्हणत, "ते ठाऊक आहे, पुढचं बोला." शेवटी तो हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आमच्याच क्षेत्रातले. तुम्हाला मी काय शिकवणार!" झालं. काकांची छाती फुगली, आणि जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला. लेकाच्या वयाच्या माणसाला असला बाळबोध प्रश्न विचारायचा म्हणजे चौतीस वर्षं पाण्यात घालवल्यासारखंच की. त्यांनी कागदांवर भराभर सह्या केल्या. चौथ्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, तिथेही केली. जुनी बॅटरी त्याच आठवड्यात भंगारात गेली.

आकडा मात्र खोटा निघाला नाही, हे सांगायला हवं. पहिल्याच महिन्यात बिल इतकं खाली आलं की काकांनी ते चार घरी नेऊन दाखवलं. दोन्ही बाजूंनी मोजणारं नवं मीटर त्यांनी दारात लावून घेतलं होतं. दुपारी त्याच्यासमोर ते नातवंडाला निरखावं तसे उभे राहत. आपल्या गच्चीवरची वीज बाहेर जाते आहे, कार्यालयाला आपण वीज विकतो आहोत! ज्या कार्यालयाने आपल्याला चौतीस वर्षं उन्हात फिरवलं, ते आता आपलं देणं लागतं, या विचाराने त्यांना गुदगुल्या होत. गल्लीतले लोक येत आणि एकच विचारत, "काका, परवडतं का?" काका म्हणत, "परवडतं." आठ महिन्यांत नऊ घरांवर पॅनेलं चढली. या काळात लाईट गेली ती रात्रीचीच, तेव्हा सिलिंडरने निभावलं.

आणि एके दिवशी भर दुपारी, काका गच्चीवर ओल्या फडक्याने पॅनेलं पुसत असताना, खाली मशीनने एक लांब, किनरी शिटी दिली आणि घरघर थांबली.

काका दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. लाईट गेली होती. पॅनेलांची वीज घरात सोडणाऱ्या भिंतीवरच्या पेटीत एरवी हिरवा दिवा असे, तो लाल झाला होता. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. काका त्या लाल दिव्यासमोर उभे राहिले आणि त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. बाहेरची लाईट जाते तेव्हा खांबावर माणूस चढलेला असू शकतो. गच्चीवरची वीज त्या तारेत उतरली तर तो वरच जळून जाईल. म्हणून बाहेरची लाईट गेली की ही पेटी आपणहून बंद पडते, पडलीच पाहिजे. घरात बॅटरी नसेल, तर गच्चीभर ऊन असून उपयोग शून्य. खांबावर चढणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून काका चौतीस वर्षं चहा प्यायले होते. पण त्यांची नजर कायम आकड्यावर. तारेकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. नवीन आहे ना, जरा अडखळलं."

पाच मिनिटांत लाईट आली. मशीन घरघरायला लागलं. काकूंनी डोळे मिटले.

त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर? काकू चार शब्द बोलल्या असत्या, लेक फोनवर रडली असती, बॅटरीची काहीतरी सोय झाली असती. पण काकांच्या डोळ्यांपुढे ती नऊ घरं आली. कार्यालयातले जुने सोबती आले, ते आयुष्यभर हसले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरापासून लांब जाऊन कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "साहेब, चौथ्या पानावर लिहिलंय ना. बॅटरीवर चालवायचं असेल तर पेटी वेगळी, खर्च वेगळा." काकांनी ठरवलं, तीन-चार महिन्यांचं पेन्शन बाजूला टाकू, गुपचूप बसवून घेऊ, कुणाला कळायचंही नाही. तेवढ्यात समोरची शिवणकाम करणारी वहिनी विचारायला आली, "काका, आम्हीही घेऊ म्हणतोय. परवडतं ना?" काकांनी तिच्या गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "परवडतं." दहावं घर.

पाच आठवडे असे गेले. त्या दिवसांत काका नीट जेवले नाहीत. दिवा जरा मिचकला तरी दचकत. काकूंना वाटलं, यांची तब्येत बिघडतेय. त्यांनी लेकीला तसं कळवलंही. स्वतःच्या श्वासाची काळजी त्यांनी सोडून दिली होती, कारण आता गच्चीवर पॅनेलं होती ना.

मग कोपऱ्यावरच्या खांबावर नोटीस लागली. जुन्या तारा बदलण्यासाठी येत्या गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीजपुरवठा बंद.

काकूंनी ती बातमी वहिनीकडून ऐकली आणि खुशीत सांगितली, "बघा, आता कळेल सगळ्यांना पॅनेलं कशाला असतात ते." काका उठले. ते माळ्याखालच्या खोलीत गेले, सिलिंडरवरचं कापड बाजूला केलं. काटा अर्ध्यावर. जेमतेम चार-पाच तास. ही माणसं सांगतात पाच आणि काम उरकतात दोनला, असं त्यांनी मनाला समजावलं. वर आणखी एक सिलिंडर हाताशी असला की झालं. सिलिंडरवाल्याने शुक्रवारचा वायदा केला. म्हणून बुधवारी, पेन्शनच्या कागदाचं काम आहे असं खोटं सांगून, काका दोन बसा बदलून दुसऱ्या गावच्या दुकानात गेले. तिथेही नव्हता. संध्याकाळी पाय ओढत घरी आले आणि न जेवता झोपले.

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी मशीनने शिटी दिली.

काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेरचं ऊन पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. "अहो, हे बंद पडलं."

"असू दे. पॅनेलांना आज जरा विश्रांती देऊ," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. "सिलिंडर लावतो."

"तो कुठे आहे घरात? मी काल मास्तरांकडे पाठवला."

काकांना आधी नीट ऐकूच आलं नाही.

"चार घरं सोडून मास्तर नाहीत का? परवाच दवाखान्यातून घरी आणलंय त्यांना. तेही मशीनवर आहेत आणि त्यांच्याकडे ना पॅनेल, ना सिलिंडर. सून रडत होती बिचारी. तुम्ही बाहेर गेला होतात, म्हटलं आपल्याकडे तर गच्चीवर..." काकूंना धाप लागली. त्या थांबल्या. "काय झालं हो? असे काय बघताय?"

काकांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. अर्धा-पाऊण तास लागेल म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी तारा ओढणारी मोठी गाडी आडवी उभी होती. खांबावर दोन माणसं, आणि काढलेल्या तारा रस्त्यावर वेटोळी घालून पडलेल्या. आज मनात आणलं तरी कुणी लाईट चालू करू शकलं नसतं. काका अनवाणीच मास्तरांच्या घराकडे पळत सुटले. वाटेत दहा गच्च्यांवर त्यांच्या शब्दाखातर बसलेली पॅनेलं उन्हात लखलखत होती. एकाही घरात पंखा फिरत नव्हता. बाया ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. एकीने हाक मारून विचारलंही, "काका, आमचं बिघडलं की काय हो?"

मास्तरांच्या सुनेने दार उघडलं. आत खुर्चीत मास्तर टेकून बसले होते, तोंडावर मास्क, शेजारी काकांच्या घरचा सिलिंडर.

"या काका, या. काकूंचे उपकार कसे फेडू कळत नाही," ती म्हणाली. "मी आमच्या यांना आजच म्हटलं, आपणही पॅनेलं बसवून घेऊ. कर्ज काढावं लागलं तरी चालेल. निदान बाबांचं मशीन तरी बंद पडणार नाही. परवडतं ना हो, काका?"

चौतीस वर्षं आणि वर सहा वर्षं जे तोंड कधी अडलं नाही, ते अडलं. काकांनी दाराची चौकट धरली.

"नाही चालत," ते म्हणाले. "लाईट गेली की तीही बंद पडतात. तिचं मशीन बंद पडलंय. मला ठाऊक होतं. पाच आठवडे झाले, मला ठाऊक होतं. तो सिलिंडर..." मास्तरांच्या छातीचा भाता वरखाली होताना समोर दिसत होता. त्यांच्या तोंडावरून मास्क कसा काढायचा?

सुनेचा चेहरा पांढरा पडला. पण बाई धीराची. "काकूंना इथे आणा," ती म्हणाली. "पळा!"

वहिनी आणि तिच्या नवऱ्याने काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणलं. चार घरांचं ते अंतर, पण काकूंची मान एका बाजूला कलली होती आणि ओठांचा रंग उडाला होता. खुर्ची मास्तरांच्या खुर्चीला टेकवून ठेवली. मास्तरांनी स्वतःच मास्क काढला आणि पुढे केला. "पाच-पाच मिनिटं," ते कसेबसे म्हणाले. आयुष्यभर वर्ग सांभाळलेला माणूस, पाळी कशी लावायची हे त्यांना सांगावं लागलं नाही.

काका गुडघ्यावर बसून सिलिंडरचा काटा बघत राहिले. आयुष्यात लाखो आकडे वाचले असतील, पण एकाही आकड्यावर कुणाचा श्वास टांगलेला नव्हता. नळीपेक्षा मास्कला प्राणवायू कितीतरी जास्त लागतो; काटा भराभर लाल पट्टीकडे सरकत होता. सून घड्याळ बघून "बदला" म्हणायची. मास्क इकडून तिकडे जायचा. ज्याच्या तोंडावर नसेल तो डोळे मोठे करून छताकडे बघत बसायचा. बाहेर तारा ओढणाऱ्या माणसांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

तिसऱ्या पाळीला काकूंच्या ओठांवर थोडा रंग आला. त्यांनी डोळे उघडले, काकांकडे पाहिलं, आणि पाळी संपायला तीन मिनिटं असताना आपल्या हाताने मास्क खाली ओढला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आधी तो मास्क..."

"माहीत होतं का?"

"हो," काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली. एवढंच. मग मास्क स्वतःच्या तोंडाला न लावता त्यांनी तो मास्तरांकडे सरकवला. राहिलेली तीन मिनिटं त्यांनी सुनेचा हात घट्ट धरून काढली. काकांनी आपला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

मोठी गाडी बाजूला झाली आणि अ‍ॅम्ब्युलन्स आत आली, तेव्हा काटा लाल पट्टीत होता. दोघांनाही नेलं. मास्तर चौथ्या दिवशी घरी आले, काकू अकराव्या. लेक येऊन राहिली, तिने नवी पेटी आणि बॅटरी बसवून घेतली. तिने बापाला एका शब्दानेही दुखावलं नाही, त्याचंच काकांना जास्त लागलं. काका दहाही घरी गेले आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आले. लोक चिडतील, तोंडावर दार लावतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तसं काही झालं नाही. "चुकतं माणूस, काका," असं म्हणून त्यांनी चहा दिला. पंधरा दिवसांनी कुणीतरी नव्या पंपाबद्दल विचारायलाही आलं. काकांनी "मला माहीत नाही" म्हटलं. ते म्हणायला आता त्यांना जड जात नाही.

काकू बऱ्या आहेत. मशीन घरघरतं. नळी दारात अडकली की त्या कुणाला हाक मारत नाहीत. भिंतीला धरत धरत येतात आणि स्वतःच सोडवून घेतात. रागावलेल्या आहेत असं म्हणावं तर तसंही नाही. जेवायला वाढतात, औषध घेतलंत का म्हणून बघतात, डॉक्टर काय म्हणाले ते सांगतात. फक्त स्वतःला काही जाणून घ्यायचं असेल तर नवऱ्याला विचारत नाहीत. परवा त्यांनी नळीसकट खिडकीपर्यंत जाऊन समोरच्या वहिनीला हाक मारली आणि आज तारीख काय आहे ते विचारलं. काका तिथेच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पेपर उघडून बसले होते.